टाकी किती भरायची? हिशेब दिल्लीहून मुंबईकडे करा

प्रश्न असा आहे: घरच्या सिम्युलेटरवर एअरबसचं ए३२० हे प्रवासी विमान घेऊन मुंबईहून दिल्लीला जायचं, तर इंधन किती भरायचं? टाक्या सरळ काठोकाठ भरल्या तर काय बिघडतं? आणि खऱ्या विमानात हा आकडा कोण ठरवतं, विमानतळावर इंधन भरतात कसं? मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ यांचा आराखडा करून तो कॅप्टनपुढे ठेवणं हे माझं रोजचं काम. घरी सिम्युलेटरही उडवतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकेन.

आधी काठोकाठचा प्रश्न निकालात काढू, कारण सिम्युलेटरवर नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. ए३२०निओच्या, म्हणजे ए३२० च्या नव्या आवृत्तीच्या, टाक्यांमध्ये साधारण साडेअठरा टन इंधन मावतं. प्रवासी, सामान आणि रिकामं विमान मिळून वजन, म्हणजे झिरो फ्युएल वेट, ६० टन धरू. टाक्या भरून निघालात तर टेक-ऑफचं वजन ७८ टनांच्या थोडं वर जातं. मर्यादा ७९ टनांची आहे, म्हणजे विमान उडेल. पण दिल्लीला जाताना जळणार जेमतेम पाच टन. तुम्ही दिल्लीवर पोहोचाल तेव्हा विमानाचं वजन ७३ टनांच्या वर असेल आणि उतरण्याची कमाल मर्यादा आहे ६७.४ टन. सहा टन जास्त! ए३२० ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही. ती ७७७ किंवा ७४७ सारख्या मोठ्या विमानांना असते. मग तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात: पावणेतीन तास घिरट्या घालत इंधन जाळत बसा, नाहीतर मर्यादा मोडून उतरा आणि विमान तपासणीला पाठवा. शिवाय जास्तीचं इंधन वाहून नेण्यातच इंधन जळतं. वाहिलेल्या वजनाच्या ढोबळमानाने अडीच ते चार टक्के, दर तासाला. या उदाहरणात पाच-सहाशे किलो निव्वळ ओझं वाहण्यात गेले. सिम्युलेटरमध्ये ‘विमान खाली बसतच नाही, धावपट्टी संपते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपलं लँडिंग वेट, म्हणजे उतरतानाचं वजन, बघावं.

म्हणून हिशेबाची सुरुवात मुंबईत करायची नाही. ती दिल्लीत, किंबहुना दिल्लीच्याही पलीकडे करायची. प्रश्न असा विचारा: सगळं मनाविरुद्ध घडून मी शेवटी जिथे कुठे उतरेन, तिथे चाकं टेकताना टाकीत किती उरलेलं असलंच पाहिजे? त्याचं उत्तर आहे फायनल रिझर्व्ह: जेट विमानासाठी १,५०० फुटांवर होल्डिंगच्या, म्हणजे उतरण्याची वाट बघत घिरट्या घालण्याच्या, वेगाने ३० मिनिटं उडता येईल एवढं इंधन. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, सहाव्या परिशिष्टात हे दिलं आहे. ए३२०निओला हे साधारण एक टन पडतं. आपण १,०५० किलो धरू. हे इंधन वापरण्यासाठी नसतं. ते उतरल्यावरही टाकीत असायला हवं. माझ्या मते अख्ख्या आराखड्यात पवित्र म्हणावा असा हा एकच आकडा आहे. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते.

आता मागे मागे या. दिल्लीत उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ जयपूर. गो-अराउंड करून, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढून, तिथवर जायला साधारण १,३०० किलो. मुंबई ते दिल्ली प्रवासाचं इंधन, म्हणजे ट्रिप फ्युएल, ४,३०० किलो. अंदाज चुकले तर म्हणून त्याच्या पाच टक्के कंटिन्जन्सी, २१५ किलो. हे पाच टक्के होल्डिंगच्या पाच मिनिटांपेक्षा कमी भरले तर किमान तेवढी पाच मिनिटं तरी धरावी लागतात. मुंबईत गेटपासून धावपट्टीपर्यंतच्या रांगेसाठी २५० किलो. एवढ्यावर नियम पुरे होतो. पण दिल्लीला संध्याकाळी कोणी नेमका वेळेवर उतरवून घेत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून २० मिनिटांच्या घिरट्यांसाठी आणखी ७०० किलो. बेरीज ७,८१५. आम्ही ७,९०० लिहितो. हे ढोबळ आकडे आहेत. त्या दिवशीचा वारा, उंची, विमानाचं वय यांनी ते हलतात, पण घडण हीच राहते.

यातला मला सर्वात जास्त विचार करायला लावणारा आकडा कुठला, तर जयपूर. नियमाच्या दृष्टीने जयपूर उत्तम आहे, जवळ आहे, स्वस्त पडतं. पण जानेवारीच्या पहाटे दिल्लीवर दाट धुकं बसलं की दिल्लीला निघालेली सगळीच विमानं जयपूरकडे वळतात. तिथे उभं राहायला जागा मर्यादित, आणि धुकं कधी कधी तिथेही पोहोचतं. लखनऊ, अमृतसर यांचंही तेच, सगळे एकाच धुक्याच्या पट्ट्यात. अशा दिवशी मी पर्याय म्हणून अहमदाबाद धरतो. अंतर तिप्पट, म्हणून इंधन साधारण दीड-पावणेदोन टनांनी वाढतं, पण तो कागदावरचा पर्याय नसून खरा पर्याय असतो. सिम्युलेटरवाल्यांनी ही सवय मुद्दाम लावून घ्यावी. आराखडा बनवणारं सॉफ्टवेअर जवळचा पर्याय आपोआप सुचवतं. तो आज उपयोगाचा आहे का, हे हवामान वाचून तुम्हीच ठरवायचं असतं.

मुंबईकडे येताना चित्र वेगळं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरात जवळजवळ एकच. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं एक विमान भर पावसात मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. जुलैत मुंबईला जाणाऱ्या विमानात जास्तीचं इंधन का टाकतो, असं कोणी विचारलं तर मी ही घटना सांगतो. पाऊस तासभर थांबत नाही, मग अचानक पंधरा मिनिटं उघडतो. ती पंधरा मिनिटं मिळेपर्यंत हवेत राहता आलं, तर प्रवासी घरी पोहोचतात. नाहीतर ते रात्री दोन वाजता हैदराबादच्या विमानतळावर बसलेले असतात. पुणे जवळ आहे खरं, पण तो हवाई दलाचा तळ आहे, आणि मुंबई बंद पडली की तिथेही लगेच गर्दी होते.

आता वजन आणि लिटर. वैमानिकाला आणि आम्हाला इंधन किलोत लागतं, कारण इंजिनाला ऊर्जा वस्तुमानातून मिळते आणि विमानाचं वजन तर किलोतच मोजायचं असतं. इंधन भरणारा गाडीवाला मात्र लिटरमध्ये मोजून देतो, आणि बिलही लिटरचं. दोघांना जोडणारा आकडा म्हणजे त्या दिवशीची घनता. जेट ए-१ ची घनता १५ अंशांना दर लिटरला ०.७७५ ते ०.८४० किलो या पट्ट्यात असते आणि इंधन तापलं की ती उतरते. समजा विमान ३,२०० किलो घेऊन आलं आणि आपल्याला ७,९०० हवेत. भरायचे ४,७०० किलो. घनता ०.७९ असेल तर सुमारे ५,९५० लिटर. भरून झाल्यावर कॉकपिटमधला काटा जेवढा वाढला, तेवढंच लिटर गुणिले घनता येतं का हे ताडून बघायचं. थोडा फरक चालतो. तेवढ्या वेळात एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, तासाला शंभर-सव्वाशे किलो जाळत असतं. पण फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कारण सापडल्याशिवाय विमान हलत नाही.

हा ताळा किती महत्त्वाचा आहे, हे २३ जुलै १९८३ ला कॅनडात दिसलं. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, उड्डाण १४३, माँट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीतलं इंधन पंखाखालच्या मोजपट्टीने मोजलं: ७,६८२ लिटर. लागणार होते २२,३०० किलो. विमान नवीन, मेट्रिक पद्धतीचं. पण लिटरचे किलो करताना वापरला गेला १.७७ हा गुणक, जो पौंडांचा होता. किलोंसाठी ०.८०३ हवा होता. २०,०८८ लिटर भरायचे होते, भरले पाच हजारांपेक्षाही कमी. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी विमान तरंगवत मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. हिशेब एकाने नव्हे, अनेकांनी पाहिला होता, आणि सगळ्यांनी तोच चुकीचा गुणक वापरला होता. म्हणून मी नवीन डिस्पॅचरना सांगतो, आकडा तपासताना आधी त्याचं एकक तपासा.

सिम्युलेटरवर हीच चूक रोज होते. सिमब्रीफमध्ये, म्हणजे सिम्युलेटरवाले आराखड्यासाठी वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, आराखडा किलोत, विमानाच्या पॅनलवर पौंड. ७,९०० हा आकडा तसाच टाकला की टाकीत जातात ३,५८० किलो, आणि दिल्ली यायच्या आधीच इंजिनं बंद. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या मूळ विमानांत तर गॅलनही दिसतात. सिमब्रीफ, विमान आणि सिम्युलेटरला जोडायचं इंधन भरणारं अ‍ॅड-ऑन, या तिन्ही ठिकाणी एकच एकक ठेवा. भारतातल्या उड्डाणांसाठी किलो.

खरं इंधन भरणं बघायला मला अजूनही आवडतं. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर जमिनीखालून हायड्रंटच्या नळ्या आलेल्या असतात. डिस्पेन्सरची छोटी गाडी नळीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याला जोडली जाते आणि तिच्यातून, गाळणीतून आणि मीटरमधून, इंधन पंखात जातं. जिथे हायड्रंट नाही तिथे टँकर, म्हणजे बाउझर येतो. नळी लावण्याआधी गाडी आणि विमान यांच्यात बाँडिंगची तार जोडतात, कारण वाहत्या इंधनातून स्थिर वीज साठते आणि ठिणगी कोणालाच परवडणारी नाही. मग नमुना. काचेच्या भांड्यात इंधन घेऊन ते स्वच्छ आणि चमकदार आहे का हे बघतात, आणि सिरिंजला लावलेल्या पिवळ्या कॅप्सूलमधून ते ओढतात. पाणी असेल तर कॅप्सूलचा रंग हिरव्या-निळ्याकडे झुकतो. पाणी उंचावर गोठतं. लंडनच्या हीथ्रोला १७ जानेवारी २००८ ला ब्रिटिश एअरवेजचं ७७७ धावपट्टीच्या अलीकडे पडलं, ते इंधनातल्या पाण्याच्या बर्फाने इंजिनांकडे जाणारा प्रवाह अडवल्यामुळे. तिथे इंधन दर्जाच्या निकषांत होतं. दोष उष्णता-विनिमयकाच्या, म्हणजे इंधन तापवणाऱ्या भागाच्या, रचनेत निघाला, आणि तो भाग नंतर बदलला गेला. कॅप्सूलचा रंग बघणारा माणूस काही सेकंदांत जे काम करतो, त्याबद्दल मला फार आदर आहे.

ए३२० ची नळी उजव्या पंखाखाली लागते. पॅनलवर हवे तेवढे किलो आधीच लावून ठेवता येतात. आधी बाहेरच्या टाक्या भरतात, त्या भरल्या की इंधन ओसंडून आतल्या टाक्यांत येतं. पंखांत साधारण १२ टन मावतात, त्यामुळे आपले ७,९०० किलो सगळे पंखांतच राहतात आणि मधली टाकी कोरडी. ठरलेला आकडा आला की झडपा आपोआप बंद. इंधन भरणाऱ्याच्या हातात एक मूठ असते. ती दाबून धरली तरच प्रवाह चालू राहतो, सोडली की थांबतो. प्रवासी आत असताना भरायचं असेल तर बेल्ट सोडलेले, दरवाज्यांचे मार्ग मोकळे आणि खालच्या माणसाशी कॉकपिटचा सतत संपर्क, हे ठरलेलं असतं.

इंधन पंखात आधी आणि पोटात नंतर, याला कारण आहे. हवेत पंखांवरची उचल त्यांना वर वाकवते आणि धड मध्ये खाली ओढतं. पंखातल्या इंधनाचं वजन ते वाकणं कमी करतं. म्हणूनच वापरताना क्रम उलटा असतो: मधली टाकी आधी रिकामी करायची, पंखांतलं शेवटपर्यंत ठेवायचं. बोइंग ७३७-८०० मध्ये तर मधल्या टाकीत ४५३ किलोंपेक्षा जास्त असेल तर पंखांतल्या दोन्ही टाक्या, प्रत्येकी ३,९०० किलोंच्या आसपास, पूर्ण भरलेल्या हव्यात. सिम्युलेटरमध्ये टाक्यांचे स्लायडर हाताने सरकवणारे हे विसरतात आणि मधल्या टाकीत पाच टन, पंखांत दोन-दोन टन असं विमान घेऊन निघतात. विमान उडतं, कारण सिम्युलेटर पंख मोडून दाखवत नाही.

म्हणून स्लायडर सोडा. फेनिक्स, फ्लायबायवायर या सिम्युलेटरसाठी विमानं बनवणाऱ्यांच्या ए३२० मध्ये कॉकपिटच्या टॅबलेटवर सिमब्रीफचा आराखडा ओढून घेता येतो. त्यांच्यासारख्याच पीएमडीजीच्या ७३७ मध्ये सीडीयूवर, म्हणजे कॉकपिटमधल्या कळफलकाच्या छोट्या पडद्यावर, इंधनाचं पान आहे. आकडा तिथे टाका, वाटणी विमान स्वतः बरोबर करतं. फ्लायबायवायरमध्ये भरण्याचा वेग खऱ्यासारखा, जलद किंवा तत्काळ असा निवडता येतो. निदान काही उड्डाणं खऱ्या वेगाने भरा. तेवढ्या वेळात एमसीडीयूचं, म्हणजे एअरबसमधल्या तशाच पडद्यावरचं, काम आटोपतं आणि खऱ्या टर्नअराउंडची, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या कामांची, लय कळते. एअरबसमध्ये इनिट बी पानावर झिरो फ्युएल वेट आणि ब्लॉक, म्हणजे निघतानाचं एकूण इंधन, टनांत टाकायचं: ६०.० आणि ७.९. हे पान इंजिन सुरू करण्याआधीच मिळतं. तिथे झिरो फ्युएल वेटच्या जागी एकूण वजन टाकलं तर पुढचे सगळे वेग चुकतात.

सिमब्रीफमधलं विमान आणि तुमच्या अ‍ॅड-ऑनचं विमान सारखं पीत नाही, हेही लक्षात घ्या. काही उड्डाणांत आराखड्याचं ट्रिप फ्युएल आणि प्रत्यक्ष जळलेलं लिहून ठेवा. फरक सातत्याने एकाच बाजूला जात असेल तर सिमब्रीफच्या विमान प्रोफाइलमध्ये फ्युएल फॅक्टर बदला. खऱ्या कंपन्याही प्रत्येक विमानासाठी अशी दुरुस्ती ठेवतात, कारण जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त पितं.

मुंबईत इंधन महाग आणि जिथून येतोय तिथे स्वस्त, असं असेल तर कंपन्या परतीचंही इंधन तिकडूनच भरून आणतात, याला टँकरिंग म्हणतात. भारतात एटीएफवरचा, म्हणजे विमान इंधनावरचा, व्हॅट राज्यागणिक वेगळा असल्यामुळे हा रोजचा हिशेब आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. ओझं वाहण्याचा खर्च वजा करूनही पैसे वाचत असतील आणि लँडिंग वेट बसत असेल तरच हे करायचं. ओल्या धावपट्टीवर जड विमान मला व्यक्तिशः नको असतं.

आणि हवेत गेल्यावर काम संपत नाही. दर अर्ध्या तासाला किंवा ठरलेल्या बिंदूंवर दोन गोष्टी बघा: टाकीत किती आहे, आणि ते अधिक आतापर्यंत जळलेलं, निघतानाच्या आकड्याएवढं होतं का. बेरीज कमी भरली तर गळती. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटच्या ए३३० मध्ये अटलांटिकवर उजव्या इंजिनाजवळ गळती होती. ती टाक्यांमधला असमतोल समजून क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा मार्ग, उघडला गेला आणि चांगल्या बाजूचं इंधनही बाहेर गेलं. ते अझोरेस बेटांवर इंजिनांशिवाय उतरले आणि ३०६ जण वाचले.

इंधन कमी पडतंय असं दिसलं तर बोलायचं कसं, तेही ठरलेलं आहे. आता आणखी उशीर झाला तर फायनल रिझर्व्हला हात लागेल, असं असेल तेव्हा ‘मिनिमम फ्युएल’. ही आणीबाणी नाही, कंट्रोलरला दिलेली कल्पना आहे. उतरताना फायनल रिझर्व्हपेक्षा कमी उरणार हे गणितातून दिसलं की ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’. २५ जानेवारी १९९० ला अविआन्का कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या वाटेवर ठिकठिकाणी मिळून तासाहून जास्त घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचं सांगितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. विमान पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. २८ नोव्हेंबर २०१६ ला बोलिव्हियाहून कोलंबियातल्या मेडेयिनला निघालेल्या लामिआच्या विमानाच्या फ्लाइट प्लॅनवर प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं होता आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटं. ७७ पैकी ७१ जण मेले. तो फॉर्म घेणाऱ्या कर्मचाऱ्याने आक्षेप घेतला होता. मी रोज तसाच फॉर्म भरतो, त्यामुळे ते दोन रकाने मी आधी बघतो.

तुम्हाला एक उड्डाण सुचवतो. सिम्युलेटरमध्ये जानेवारीची पहाट आणि दिल्लीवर धुकं लावा. आराखड्यात पर्याय अहमदाबाद ठेवा, ब्लॉक साडेनऊ टनांच्या आसपास येईल. दिल्लीवर २० मिनिटं होल्ड करा, एक अ‍ॅप्रोच करा, गो-अराउंड करा आणि खरोखर अहमदाबादला जा. होल्ड करताना कागदावर लिहा: किती किलो उरले की मी इथून निघणारच. उतरल्यावर टाकीत १,०५० पेक्षा जास्त असेल तर आराखडा बरोबर होता. कमी असेल तर कुठल्या टप्प्यावर जास्त गेलं ते लिहून ठेवलेल्या आकड्यांतून सापडेल.